सातारा ते वाटेगाव: रुळांलगतचा कामगार इतिहास

हा प्रवास मिरजेकडच्या पॅसेंजरनंच करावा. मसूर, शेणोली ही लहान स्थानकं. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. सातारा स्टेशनही शहराबाहेर, माहुलीकडे आहे, त्यामुळे राजवाड्यावरून वेळ हाताशी ठेवून निघावं लागतं. निघण्याआधी प्रतापसिंह हायस्कूल पाहिलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव याच शाळेच्या पटावर चढलं.

मसूरला उतरलो तेही त्यांच्यासाठीच. १९०१ साली ते, त्यांचे भाऊ आणि भाचे गोरेगावला जायला इथं उतरले. वडील तिथं दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, रोखपाल होते. मुलं महार आहेत म्हटल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. तो गाडीवानही हातावर पोट असलेलाच. कष्टकरीच कष्टकऱ्याला विटाळ मानतो, तिथं एकजूट कशी व्हायची? कामगार चळवळीचा सगळ्यात अवघड प्रश्न मला या फलाटावर दिसतो.

कराडच्या पुढं शेणोली. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या, म्हणजे सातारा भागात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या, तूफान सेनेनं (सशस्त्र दलानं) इथं सरकारी पगाराची रोकड नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ पुढं होते. रुळांवर धोंडे रचले होतेच. गाडी मागं पळू नये म्हणून शेवटच्या डब्यामागंही रचले.

वाटेगावला जायला मागं कराडला यावं, महामार्गानं कासेगाव गाठावं आणि तिथून आत वळावं. लेखक-शाहीर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, मांग समाजातले. साताऱ्याकडच्या मांगांना इंग्रजांच्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. अण्णा भाऊ मुंबईला गेले, गिरणीत राबले, १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकात, म्हणजे कम्युनिस्टांच्या शाहिरी पथकात, उभे राहिले.

त्याच मुंबईच्या गिरण्यांत विणाई खातं अस्पृश्यांना बंद होतं. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं साधन; त्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. दक्षिण आफ्रिकेत १९२२ च्या संपात गोऱ्या खाणकामगारांनी जगातल्या कामगारांना एक व्हायला सांगितलं, तेही गोऱ्यांच्या दक्षिण आफ्रिकेसाठी! आपल्याकडची भिंत जातीची होती, एवढाच फरक. १९२८ च्या गिरणी संपात आंबेडकरांनी सगळी खाती खुली करण्याची मागणी लावून धरली; संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजानं मागण्यांच्या यादीत घेतली. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. ते विधेयक आणलं होतं काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं.