वाल्पाराइसोला परसदाराने जाऊ नये

चिलीतील वाल्पाराइसो हे बंदर बोटींनी आलेल्या माणसांनी वसवले आहे. उपसागराभोवती अर्धगोलात चाळीसहून अधिक टेकड्या आहेत आणि नाट्यगृहातील प्रेक्षकांनी रंगमंचाकडे पाहावे तशी टेकड्यांवरची घरे पाण्याकडे तोंड करून बसलेली आहेत. घरांच्या भिंतींना बाहेरून पन्हाळी पत्रे ठोकून त्यांवर निळा, पिवळा, गेरू, जांभळा असे रंग दिलेले असतात. बोटी रंगवून उरलेला रंग पूर्वी लोक घरांना लावत, असे तेथे सांगतात. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू होईपर्यंत दक्षिण अमेरिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांचा हा मोठा विसावा होता. आजचा प्रवासी मात्र राजधानी सांतियागोहून डांबरी रस्त्याने येतो, म्हणजे घराच्या परसदाराने आत शिरतो. मागच्या वर्षी मी आणि माझी धाकटी बहीण तेथे जाऊन आलो, तेव्हापासून जो कोणी विचारील त्याला मी सांगते की कोणत्याही मार्गाने जा, पण शेवटचा टप्पा पाण्याच्या बाजूने करा.

भारतातून चिलीला थेट विमान नाही. युरोपातील एखाद्या शहरात किंवा ब्राझीलच्या साव पावलोमध्ये विमान बदलून सांतियागोला उतरावे लागते आणि एकूण प्रवासासाठी दीड दिवस तरी हाताशी धरावा लागतो. ब्राझील किंवा अर्जेंटिनात राहून भारतात परतणार असाल, तर पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घेऊन तिचा दाखला पासपोर्टसोबत ठेवावा. चिलीत प्रवेश करताना शेतमालाची तपासणी फार काटेकोर असते. फळे, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांपैकी काहीही सामानात असेल, तर ते अर्जावर लिहून द्यावेच लागते. लिहून दिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूसाठी दंड होतो.

सांतियागोहून वाल्पाराइसो सुमारे ११५ किलोमीटर आहे. विमानतळावरून शहरात न शिरता पाहारितोस या मेट्रो स्थानकाच्या बस टर्मिनलवर जावे. तेथून थोड्या थोड्या वेळाने बस सुटते आणि साधारण पावणेदोन तासांत पोहोचते. ६८ क्रमांकाचा हा महामार्ग दोन बोगद्यांतून आणि कासाब्लांकाच्या द्राक्षमळ्यांमधून जातो. आम्ही मूळच्या नाशिकच्या असल्यामुळे मळे दिसताच दोघी खिडकीला चिकटलो. समुद्रावरून येणारे सकाळचे धुके या खोऱ्यात रेंगाळते, त्यामुळे येथे मुख्यतः पांढऱ्या वाइनची द्राक्षे पिकतात. प्रवास सोयीचा आणि निर्धोक आहे. पण बस टेकड्यांच्या पाठीमागून उतरून संसद भवनासमोरच्या गजबजलेल्या टर्मिनलवर आणून सोडते आणि समुद्र कोठे आहे, हे विचारावे लागते.

हा अनुभव आम्हाला दुसऱ्या फेरीत आला. पहिल्यांदा आम्ही अर्जेंटिनातील मेंदोसाहून अँडीज ओलांडून गेलो होतो, आणि ज्यांच्या गाठीला एक जादा दिवस आहे त्यांनी हाच मार्ग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. बस उस्पायाता गावानंतर हळूहळू चढत जाते. डोंगरांवर झाड म्हणून नसते. तांबडे, करडे, गंधकासारखे पिवळट असे नुसत्या दगडाचेच रंग दिसतात. एका वळणावर उजव्या हाताला अकोन्काग्वा क्षणभर दिसते. जवळजवळ सात हजार मीटर उंचीचे ते शिखर इतके मागे सरून उभे आहे की पाहायला सज्ज नसलो तर निसटून जाते. सुमारे ३,२०० मीटर उंचीवर तीन किलोमीटरचा बोगदा आहे आणि तो अर्ध्यावर ओलांडला की आपण चिलीत असतो.

पलीकडच्या नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवून बॅगा टेबलावर मांडायला लावल्या. आम्ही मेतकूट आणि तिळाचे लाडू अर्जावर लिहिले होते. तपासनीस बाईंनी लाडू हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, तीळ भाजलेले आहेत ना, हे खुणेने दोनदा विचारले आणि डबा परत केला. बहिणीच्या पर्समधली बडीशेप मात्र गेली. त्यानंतर लगेच एकावर एक रचलेल्या वळणांचा उतार लागतो; आपला कसारा घाट त्यापुढे सपाट वाटावा. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, बर्फामुळे ही खिंड अनेकदा बंद राहते, म्हणून त्या दिवसांत हा बेत आखू नये.

आता शेवटचा टप्पा. मेंदोसाहून येणाऱ्या आणि सांतियागोहूनही सुटणाऱ्या अनेक बस शेजारच्या विन्या देल मार शहरात थांबतात. तेथेच उतरावे आणि लोकल गाडी धरावी. सांतियागो ते वाल्पाराइसो रेल्वे १८६३ मध्ये पूर्ण झाली होती; त्या मार्गावरची प्रवासी वाहतूक केव्हाच बंद पडली, पण लिमाचे या गावापासून वाल्पाराइसोपर्यंतचा तुकडा आजही लोकलसाठी वापरात आहे. तिकिटाऐवजी पैसे भरलेले कार्ड लागते. गाडीत उजव्या हाताची खिडकी धरावी. विन्यामध्ये गाडी जमिनीखालून धावते, मिरामार स्थानक मागे पडताच उजेडात येते आणि रुळांच्या शेजारी एकदम प्रशांत महासागर येतो. पोर्तालेसला कोळ्यांच्या होड्या दिसतात, बारोननंतर बंदराच्या क्रेन सुरू होतात आणि शेवटच्या पुएर्तो स्थानकातून बाहेर पडले की प्रात नावाचा बोटींचा धक्का समोरच असतो.

टेकड्यांवर चढण्यासाठी उतारावरून रुळांवर चालणाऱ्या जुन्या लिफ्ट आहेत. आपल्या सप्तशृंगी गडावरची ट्रॉली पाहिली असेल त्यांना त्यांची रचना लगेच कळेल. सर्वांत जुनी १८८३ सालची आहे. त्यांपैकी काही दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा मुक्कामाच्या जागी आधी चौकशी करावी. पण सामान ठेवण्याची घाई नसेल, तर टेकडी चढण्याआधी धक्क्यावरून सुटणाऱ्या लहान बोटीत बसावे. बोट भरेपर्यंत थांबावे लागते आणि फेरी अर्ध्या तासाची असते. आम्ही बॅगा पायांशी घेऊन बसलो. नौदलाची करडी जहाजे आणि पाण्यात तरंगणाऱ्या बोयांवर पहुडलेले समुद्रसिंह मागे टाकून नावाड्याने इंजिन मंद केले व बोट किनाऱ्याकडे वळवली. सगळ्या टेकड्या एकाच नजरेत आल्या. धाकटीने आमच्या मुक्कामाच्या घराचे छायाचित्र फोनवर उघडले आणि त्यातली हिरव्या खिडक्यांची पिवळी भिंत ती समोरच्या उतारावर ओळीओळीने शोधू लागली.