खेकडा मापायचा कुठून कुठपर्यंत?

मिरगाचे दोन-चार सडाके झाले की पाटणपासून शिराळ्यापर्यंत ओढ्याकाठी रात्री बॅटऱ्या हलायला लागतात. मग दरवर्षी गावात कुणीतरी म्हणतंच, "बारके खेकडे धरायला बंदी घाला." घाला की. पण बारका म्हणजे केवढा, आणि मापायचा कुठून कुठपर्यंत? हे ठरलं नाही तर पहिल्याच रात्री नियमाला भोक पडतं.

राज्याने 2023 मध्ये 54 सागरी जातींसाठी किमान माप ठरवलं. ते समुद्राच्या मासळीचं. आपल्या ओढ्याला ते लागू नाही. कोयना-चांदोलीच्या राखीव जंगलाच्या हद्दीत तर मापाचा प्रश्नच नाही, तिथे खेकडा धरणंच गुन्हा.

मापं जुनी आहेत तिथे पळवाटाही जुन्या. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये निळा खेकडा पाठीच्या एका काट्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मापतात, कॅलिफोर्नियात डंजनेस खेकडा काटे सोडून. टोकापासून मापलं तर काटा मोडलेला मोठा खेकडाही नापास होतो. मेरीलँडमध्ये कडक पाठीच्या नराला हंगामानुसार 5 ते सव्वापाच इंच लागतात, पण कात टाकायच्या बेतातल्या खेकड्याला सव्वातीन-साडेतीन इंच पुरतात. म्हणजे बारका नर 'कात टाकणारा आहे' म्हणून टोपलीत घालायचा. ही लबाडी पकडायची तर मागच्या वल्ह्यासारख्या पायाची कड बघावी लागते: पांढरी रेघ असेल तर कात टाकायला साधारण दोन आठवडे, गुलाबी असेल तर आठवडा, लाल असेल तर दोन-तीन दिवस.

युरोपची पळवाट याहून सरळ. सुट्या नांगीवरून पाठ केवढी होती हे कोण सांगणार? म्हणून तिथे सापळ्याच्या बोटीला 'खाण्याचा खेकडा' (एडिबल क्रॅब) या जातीच्या सुट्या नांग्या त्या खेकड्याच्या एकूण मालाच्या 1 टक्का वजनापर्यंतच उतरवता येतात, बाकीच्या जाळ्यांना 75 किलोपर्यंत. फ्लोरिडात दगडी खेकड्याची नांगीच मापतात आणि खेकडा परत पाण्यात सोडतात. हे मला जास्त पटतं: जे विकायचं, तेच मापायचं.

आपल्याकडे वजनाचा नियम कुणी सुचवला तर ऐकू नका. कात टाकलेला खेकडा पाण्याने फुगलेला असतो, नांगी तुटलेला हलका भरतो. पाठीची रुंदी मात्र एका कातीपासून पुढच्या कातीपर्यंत बदलत नाही. ओढ्यातल्या खेकड्याला बाजूला लांब काटे नसल्यामुळे मापही सोपं. पाठ पुढच्या भागात सगळ्यात रुंद असते, तिथेच धरायचं.

आकडा कुठून आणायचा? पंचवीस-तीस माद्या उलट्या करून बघा. पोटावरची झडप अरुंद असेल तर मादी कच्ची; पसरून पायांच्या मुळापर्यंत पोचली असेल तर वयात आलेली. ज्या रुंदीला बहुतेकींची झडप पसरलेली दिसते, ते तुमच्या ओढ्याचं माप. तेवढी खाच पत्र्यात किंवा जाड प्लॅस्टिकमध्ये कापा. लाकडात नको, भिजून खाच बदलते. पाठ खाचेतून आरपार गेली तर खेकडा सोडायचा.

पण एकटं माप इथे पुरत नाही. समुद्रातली चिंबोरी लाखांनी अंडी घालते आणि पिल्लं पाण्यावर पसरतात. ओढ्यातल्या खेकडीची अंडी मोजकी आणि मोठी. पिल्लं झडपेखालीच फुटतात आणि काही दिवस तिथेच चिकटून राहतात. अशी एक मादी गेली की त्या डोहाची पुढची पिढी गेली, आणि मापात बसणारी नेमकी हीच असते. म्हणून झडपेखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी कितीही मोठी असली तरी सोडायची.

यालाही पळवाट आहेच. पिल्लं बादलीत झटकली की मादी रिकामी दिसते. त्यामुळे घरी किंवा बाजारात तपासून उपयोग नाही. ओढ्याच्या काठावर, पोत्यात टाकायच्या आधी उलटी करा, आणि बादलीचं पाणी ओतताना तळाशी तांदळाएवढे खेकडे वळवळतात का तेही बघा.