मक्याचे तिखटमिठाचे स्कोन: आधी मका भिजवा

स्कोन म्हणजे यीस्टऐवजी बेकिंग पावडरवर फुगवलेला, भट्टीत भाजलेला छोटा, जाड, खुसखुशीत तुकडा. मक्याचे स्कोन बिघडले, तर बहुतेक वेळा चूक एकच असते. मक्याचं पीठ कोरडंच मैद्यात मिसळलेलं असतं. मैदा पाणी लगेच ओढतो, मका सावकाश ओढतो. भट्टीतली वीस मिनिटं त्याला पुरत नाहीत. मग घास घेतला की दाताखाली कचकच लागते, आणि दुसऱ्या दिवशी स्कोनचा भुगा होतो. म्हणून मका आधी दही-दुधात भिजवायचा आणि मग पुढच्या कामाला लागायचं. खालचं सगळं प्रमाण हे धरूनच दिलं आहे.

सुरुवात मक्यापासून करू. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरीशुभ्र पूड इथे चालत नाही. तो मक्याचा नुसता स्टार्च असतो, सूप दाट करायचा. आपल्याला हवं ते पिवळं मक्याचं पीठ, आणि तेही रवाळ. गिरणीवर दळून आणणार असाल, तर बेसनाच्या लाडवांना सांगता तसं जाडसर दळायला सांगा. मक्याचा बारीक रवा किंवा पोलेंटा मिळाला तर उत्तमच. मक्की रोटीचं अगदी बारीक पीठ असेल, तरी स्कोन होतात, पण त्यांना मक्याचा दाणेदारपणा येत नाही. पीठ वापरण्याआधी वास घेऊन बघा. मक्याच्या अंकुरात तेल असतं, त्यामुळे गिरणीचं पीठ बाहेर ठेवलं की लवकर खवट होतं. ते फ्रीजमध्ये ठेवावं.

आठ स्कोनसाठी मैदा 180 ग्रॅम, मक्याचं रवाळ पीठ 100 ग्रॅम, गार बटर 90 ग्रॅम, घट्ट दही 120 ग्रॅम आणि दूध 50 मिली. शिवाय बेकिंग पावडर अडीच टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, साखर दोन टीस्पून, किसलेलं चीज 80 ग्रॅम, बारीक चिरलेल्या तीन हिरव्या मिरच्या, मूठभर कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, अर्धा टीस्पून जाडसर कुटलेले जिरे आणि तेवढीच मिरी. साखर गोडीसाठी नाही, रंगासाठी आहे. मीठ मात्र बटर बघून घाला. अमूलचं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं आणि चीजमध्येही मीठ असतं, तेव्हा पाव टीस्पून पुरतं. बिनमिठाचं बटर असेल, तर पाऊण टीस्पून.

मका मैद्यापेक्षा कमी ठेवला आहे, त्याला कारण आहे. मक्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही, त्यामुळे पीठ धरून ठेवायचं काम एकट्या मैद्याला करावं लागतं. दोन्ही सारखे घेतले की कापतानाच कडा तुटतात. मैद्याऐवजी कणीक वापरायची असेल, तर निम्मीच वापरा आणि दूध एक-दोन चमचे वाढवा. गिरणीची कणीक पाणी जास्त पिते.

परदेशी पाककृतींमध्ये बटरमिल्क लिहिलेलं असतं. त्याजागी आपलं पातळ ताक घातलं, तर पीठ सैल होतं. घट्ट दही आणि थोडं दूध हाच खरा पर्याय. दही किंचित आंबट असू द्या, सोड्याला तेच लागतं.

आता कृती. दही, दूध आणि मक्याचं पीठ एकत्र कालवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवू नका, हे मिश्रण पुढे गारच लागणार आहे. याच वेळात बटर फ्रीझरमध्ये घट्ट करून घ्या. सोडा या मिश्रणात घालायचा नाही. दह्याशी तो लगेच फसफसतो आणि स्कोन भट्टीत जाईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. तो बेकिंग पावडर, मीठ आणि साखरेबरोबर मैद्यात घालून दोनदा चाळा. न चाळलेल्या सोड्याच्या गुठळ्या भाजल्यावर तपकिरी, कडवट ठिपके होऊन वर येतात. रंगासाठी हळद घालायचा मोह टाळा. सोड्याशी गाठ पडली की हळद लाल होते, ढोकळ्यावर येतात तसे लाल डाग पडतात. मक्याचा स्वतःचा पिवळेपणा पुरेसा असतो.

शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. इथे नेमकं उलट. घट्ट बटर किसणीच्या मोठ्या भोकांनी थेट मैद्यावर किसा आणि बोटांच्या टोकांनी झटपट मोकळं करा. तळवा लागू देऊ नका. मोहन नीट झालं की पिठाचा मुटका वळतो, पण इथे मुटका वळायला लागला तर बटर वितळलं आहे असं समजा. वाटाण्याएवढे काही तुकडे दिसायला हवेत. बटरमध्ये थोडं पाणी असतं. भट्टीत त्याची वाफ होते, बटर वितळून जागा रिकामी होते आणि स्कोनला पापुद्रे सुटतात. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरच बटर वितळवण्याइतकं तापतं. अशा वेळी मैदा, पातेलं, किसणी सगळं फ्रीजमध्ये ठेवून मगच हात लावा.

चीज, मिरची, पात, जिरे, मिरी मैद्यात मिसळा. पात धुतली असेल, तर फडक्यावर पूर्ण कोरडी करून घ्या. मेथी किंवा मक्याचे उकडलेले दाणे घालणार असाल, तर त्यांनाही हेच लागू. ओला कांदा चिरून घालू नका, मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं आणि स्कोन आतून चिकट राहतात. चेडार चीज वितळून कडांना कुरकुरीत जाळी देतं, साधं प्रोसेस्ड चीज तुकड्यासारखंच राहतं. चवीला चेडार कधीही सरस.

आता भिजलेला मका घाला आणि काट्याने उलथत मिसळा. मळायचं नाही. खाली थोडं कोरडं पीठ दिसत असेल, तर दाबून गोळा करा. अगदीच जुळत नसेल, तर चमचाभर दूध शिंपडा. ओट्यावर मैदा भुरभुरून गोळा चौकोनी थापा, घडीच्या पोळीसारखी घडी घाला, परत थापा, परत घडी. दोन घड्या पुरे. जास्त हाताळलं की ग्लुटेन ताणतं आणि स्कोन पावासारखे चिवट होतात. शेवटी अडीच सेंटिमीटर जाड, 18 सेंटिमीटर व्यासाचा गोल थापून धारदार सुरीने आठ त्रिकोण कापा. सुरी सरळ खाली दाबा, पुढे-मागे ओढू नका. ओढल्याने कडा लिंपल्या जातात आणि स्कोन एका बाजूला कलतात. हीच गोष्ट गोल कटर फिरवल्याने होते.

कापलेले तुकडे वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. तोवर ओटीजी, म्हणजे घरची छोटी विजेची भट्टी, 210 अंशांवर, वरखालच्या दोन्ही सळया लावून निदान 15 मिनिटं तापवा. पंख्याची भट्टी असेल तर 190. दूध फक्त माथ्यावर लावा. बाजूंना ओघळलं की ते तिथे चिकटून वर चढणं अडवतं. मधल्या कप्प्यात 18 ते 22 मिनिटं भाजा. पिवळ्या पिठामुळे माथ्याचा रंग फसवतो, म्हणून एक स्कोन उचलून बूड बघा. ते खरपूस तपकिरी हवं. लहान ओटीजीत माथा सळीच्या जवळ येतो. लवकर करपायला लागला, तर वर फॉइल सैलसर झाका.

स्कोन पसरले असतील, तर बटर मऊ पडलं होतं किंवा भट्टी पुरती तापली नव्हती. कडा सरळ असूनही फुगले नसतील, तर बेकिंग पावडर तपासा. अर्धी वाटी गरम पाण्यात चमचाभर टाका. जोरात फसफसली नाही, तर डबा टाकून द्या.

भट्टी नसेल तरी अडत नाही. स्कॉटलंडमध्ये स्कोन मुळात लोखंडी तव्यावरच भाजत. बिडाचा तवा मंद आचेवर तापवा, तुकडे दीड सेंटिमीटर जाड ठेवा आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी आठ-नऊ मिनिटं भाजा. थालीपिठासारखा खमंग डाग पडतो. बाजू मात्र फिक्याच राहतात.

गरम असताना लोणी आणि लसणाची चटणी लावून खावेत. टोमॅटोच्या साराबरोबरही छान लागतात. उरलेले डब्यात, बाहेरच ठेवा. फ्रीजमध्ये ते लवकर कडक होतात. दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. एकदम आठ लागत नसतील, तर कच्चे तुकडेच फ्रीझरमध्ये घट्ट करून पिशवीत भरून ठेवा. भाजताना ते बाहेर काढून सैल होऊ देऊ नका. गोठलेलेच भट्टीत ठेवा आणि चार-पाच मिनिटं जास्त द्या.