हिवाळ्यात डोंगर चढणारी गुरं

आयर्लंडमधल्या गॉलवेहून निघालेल्या ३५० नंबरच्या बसने किनव्हारा मागे टाकलं, तेव्हा उजव्या हाताला समुद्र होता आणि डावीकडे करडे, बोडके डोंगर सुरू झाले. बॅलीव्हॉन म्हणजे एक तिठा, थोडे पब आणि छोटासा धक्का. पाच मिनिटांत गाव संपतं. मी तीन दिवस राहिले ते मागच्या डोंगरांसाठी.

या भागाचं नाव बरेन. आयरिशमध्ये अर्थच खडकाळ जागा. रत्नागिरीकडचा सडा डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याऐवजी चुनखडी. पावसाने खडक झिजून त्यात खोल भेगा पडल्यात. एका भेगेत वाकून बघते तर हंसराज! आपल्याकडे विहिरीच्या आतून लोंबतो, त्याचाच भाऊबंद. आणि दोन पावलांवर निळंशार जेन्शियनचं फूल, जे खरं तर आल्प्समध्ये दिसायचं.

१६५१ मध्ये, आयर्लंडवर चाल करून आलेल्या इंग्लंडच्या क्रॉमवेलचा सेनानी लडलो इथे आला होता. माणूस बुडवायला पाणी नाही, टांगायला झाड नाही, पुरायला माती नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. मला त्याची पुढची ओळ जास्त आवडली: तरीही इथली गुरं धष्टपुष्ट आहेत.

ती कशी, हे एका गडग्यापाशी भेटलेल्या शेतकरीबाबांनी सांगितलं. (हो, गडगाच, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड.) मे महिना होता, गुरं नुकतीच खाली उतरवलेली. जगभर गुरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात, इथे हिवाळ्यात. उन्हाळाभर तापलेला खडक ऊब धरून ठेवतो, पाणी झिरपून जातं म्हणून बसायला जागा कोरडी मिळते. उन्हाळ्यात मात्र वर प्यायला पाणी नसतं. हिवाळाभर गवत खाल्लं गेलं की वसंतात फुलांना ऊन मिळतं. गुरं चढवली नाहीत, तर हेझलची झुडपं सगळं गिळतात.

शेवटच्या दिवशी पोलनाब्रोनला चालत गेले. अरुंद रस्ता, फुटपाथ नाही, पण समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं ते दगडी थडगं. उत्खननात तीसहून जास्त माणसांची हाडं निघाली. सगळे त्याचे फोटो काढत होते. मीही काढला. पण घरच्या ग्रुपवर टाकला तो वाटेतला, वाळक्या शेणाशेजारच्या निळ्या फुलाचा.

आईचं लगेच उत्तर आलं, "तिथे गोवऱ्या थापत नाहीत का गं?"