कोणतं सीबीएस?

नाशिकला रिक्षात बसून नुसतं 'सीबीएस' (मध्यवर्ती बसस्थानक) म्हणा, रिक्षावाला मान वळवून विचारणारच, "जुनं की नवीन?" नवीन म्हणजे ठक्कर बाजार. परवा भर दुपारी हा प्रश्न कानावर पडला आणि वाटलं, संगणकानेही एवढं विचारलं तर काय बिघडेल! तो विचारत नाही. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, आणि एकाच संगणकावर तिच्या अनेक आवृत्त्या असू शकतात. 'पायथन' टाइप केलं की पाथच्या, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या, यादीत जो आधी सापडेल, त्याच्या दारात सोडून मोकळा.

तिसरीच्या फळ्यावर सात भागिले दोन म्हणजे 'भागाकार तीन, बाकी एक'. साडेतीन म्हणायची मुभा बरीच उशिरा मिळायची. पायथन २ तिसरीतच राहिला. ७/२ ला ३ म्हणतो आणि बाकी गिळून टाकतो. डिसेंबर २००८ मध्ये आलेला पायथन ३ सरळ ३.५ सांगतो. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या 'प्रिंट' आज्ञेचे कंस विसरलात तर तो ओरडतो तरी. भागाकार मात्र हिशेब जुळेनासा होईपर्यंत गप्प. १ जानेवारी २०२० ला पायथन २ ची देखभाल थांबली. जुन्या स्क्रिप्टांना ते कुणी कळवलेलं नाही.

मग एखादा उत्साही गडी उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या स्वतःच्या पायथनलाच हात घालतो. तेवढं करू नये. उबुंटू २२.०४ चा संसार पायथन ३.१० वर बेतलेला असतो. 'पायथन३' ची लिंक दुसरीकडे वळवली की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकीच, उघडत नाही, आणि लिंक परत फिरवायला नेमकं तेच हवं असतं. (कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने खिडकीविनाही आज्ञा देता येतात. लक्षात ठेवा.)

त्यापेक्षा आवृत्त्या सांभाळणारं पायएन्व्ह हे साधन बरं, सगळ्या आवृत्त्या आपल्या होम फोल्डरात राहतात. फक्त ते पायथन मूळ कोडातून बांधतं (कंपाइल करतं), म्हणून ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीसाठी) आणि झीलिब (फायली दाबून लहान करण्यासाठी) यांची बांधणीला लागणारी 'डेव्ह' पॅकेजेस आधी घाला. एसएसएलचं राहिलं तर सगळं कंपाइल होऊन, चहा गार झाल्यावर, 'एसएसएल नाही' म्हणून गाडी थांबते. पुढे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व, म्हणजे त्याच्यापुरतं पायथनचं स्वतंत्र फोल्डर. ते फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवू नका. आतल्या पिपच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पहिल्याच ओळीत जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. आणि नुसतं 'पिप' तरी कशाला म्हणावं? 'पायथन -एम पिप' म्हटलं की सामान कुणाच्या घरात उतरतंय ते कळतं.

एवढं करूनही पायथन ३.१२ ने पॅकेजेस बांधायचं जुनं डिस्टयुटिल्स काढून टाकलं आणि त्यावर विसंबलेल्या, पायथन ३ वरच लिहिलेल्या कितीतरी सेटअप (बसवणीच्या) फायली आडव्या झाल्या. म्हणजे जुनं की नवीन, एवढ्यावर भागत नाहीच. नाशिकला मेळा बस स्टँडही आहे.