स्टिअरिंगच्या तेलाचा माग

आजचा दिवस जुन्या गाडीखाली गेला. थंड इंजिन सुरू केलं की स्टिअरिंग वळवताना कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरत होती. खाली पुठ्ठा पसरून ठेवला, तर त्यावर लालसर डाग पडला. इंजिन ऑइल सहसा तपकिरी किंवा काळं असतं, कूलंट पाण्यासारखं पातळ. हा डाग एटीएफचा (मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, काही गाड्यांत स्टिअरिंगलाही तेच), म्हणजे या गाडीत पॉवर स्टिअरिंगचाच.

पण थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून आधी पंप, पाइप, रॅक (चाकं वळवणारा दांडा) सगळं डीग्रीझरने धुऊन कोरडं केलं. मग इंजिन चालू करून एकाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, तिथे दाब सर्वाधिक असतो आणि पंप तापतो. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे आवरणं, दाबून पाहिले. आत तेल साचलं असतं तर रॅकचे सील गेले असं समजायचं. कोरडे निघाले, केवढं हायसं वाटलं!

ओल दिसली ती प्रेशर होजवर, म्हणजे पंपातून दाबाने तेल नेणाऱ्या नळीवर, रबर आणि धातूची नळी जिथे दाबून जोडलेली असते तिथे. तिथे क्लिप आवळून भागत नाही, होजच बदलावा लागतो. शेजारून तापलेला एक्झॉस्ट जातो आणि हे तेल पेट घेऊ शकतं. होज बदलेपर्यंत गाडी उभीच राहील.