सहा मिनिटांचा अंधार आणि आपल्या वाट्याचं ग्रहण

शनिवार, रात्री

‘२ ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात बुडणार, असं पुन्हा शंभर वर्षांत होणार नाही’ हा मेसेज काही मरत नाही. २०२५ च्या जुलैत तो घरोघरी पोचला होता. तारीख बरोबर होती, वर्ष चुकलं होतं. हे ग्रहण २ ऑगस्ट २०२७ चं आहे, सोमवारचं. सहा मिनिटंही खरी आहेत, पण ती इजिप्तमधल्या लक्झरच्या आसपासची: ६ मिनिटं २३ सेकंद. चंद्राची दाट सावली तिथे जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंद असेल. दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालियाचं टोक असा तिचा रस्ता. जग अंधारात बुडायचं असेल तर त्या पट्टीत जाऊन उभं राहावं लागेल.

जेद्दा त्या पट्टीत येतं. तिथे नोकरीला असलेल्या रत्नागिरीकडच्या माणसाला गच्चीवरून खग्रास दिसेल, आणि त्याच वेळी रत्नागिरीत त्याच्या घरच्यांना ढग. ढग फाटलेच तर दुपारी उशिरा एका कडेने चावा घेतलेला सूर्य, अर्धाही न झाकलेला. आकाशाकडे कोणी पाहिलं नाही तर ग्रहण होऊन गेल्याचं कळणारही नाही, कारण अर्धा सूर्य झाकला गेला तरी डोळा ते सांभाळून घेतो.

ग्रहण आलं की उसळणाऱ्या या उत्साहाचं नेमकं काय करावं, हे मला ठरवता येत नाही. हवासा वाटतो आणि खुपतोही. खुपण्याचं कारण सूर्य किती झाकणार याची टक्केवारी. ‘आमच्याकडे नव्वद टक्के’, ‘तुमच्याकडे किती?’ जणू नव्वद टक्के म्हणजे खग्रासाच्या जवळपास. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे, आणि खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडलाचा उजेड साधारण त्या चंद्राएवढाच. म्हणजे ९९ टक्के सूर्य झाकला तरी उरलेला एक टक्का हजारो पूर्णचंद्रांइतका उजेड देतो, आणि प्रभामंडल त्यात बुडून जातं. हिऱ्याची अंगठी (झाकल्या सूर्याच्या कडेला उरलेला एकच लखलखता ठिपका), क्षितिजभर संधिप्रकाश, दिवसा दिसणारा शुक्र हे सगळं शेवटच्या टक्क्यात आहे. खंडग्रास आणि खग्रास यांत कमी-जास्तीचा फरक नाही, त्या दोन निराळ्या घटना आहेत. हे आधी कोणी सांगत नाही, मग खंडग्रास बघून लोक म्हणतात, ‘एवढंच?’

हवासा का वाटतो, ते १९८० आठवलं की कळतं. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला खग्रासाची पट्टी कारवार, हुबळी, रायचूर अशी जाऊन ओडिशाच्या किनाऱ्यावर बाहेर पडली. मुंबईत खंडग्रासच होतं. तरी वानखेडेवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी आदल्या दिवशी सुरू झालेली असताना विश्रांतीचा दिवस ग्रहणासाठी दुसऱ्याच दिवशी घेतला गेला. लोकांनी घरातच थांबावं म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा लावला. दारं-खिडक्या बंद, रस्ते ओस. सरकारला डोळ्यांची काळजी होती हे खरं, पण पाहायचं कसं हे शिकवण्याऐवजी पाहूच नका असा निरोप गेला. त्यापेक्षा चुकीच्या टक्केवारीसकट गच्चीवर जमलेली आजची गर्दी मला शंभरदा चालेल.

विजयदुर्गाचं प्रकरण मात्र अधिक अवघड. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो आणि ‘लॉकियरने १८६८ साली याच किल्ल्यावरून हेलियम शोधला’ हे वाक्य पुन्हा छापलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून गेलं हे बरोबर. पण त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडात. यान्सेनच्या लक्षात आलं की सूर्यावरच्या ज्वाला ग्रहणाशिवायही वर्णपटदर्शकातून (उजेड रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणातून) पाहता येतील. लॉकियरनेही तेच स्वतंत्रपणे, २० ऑक्टोबरला, कुठलंही ग्रहण नसताना साधलं. त्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी दिसलेली पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ते नवं मूलद्रव्य असणार असा त्याचा तर्क. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने क्लीव्हाइट या खनिजातून तो वायू पृथ्वीवर वेगळा काढला. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मोहिमेची आठवण म्हणून दाखवतात. तोवर हेलियम तीन वर्षं प्रयोगशाळेतल्या नळ्यांमध्ये होता.

आता हे सांगून त्या कार्यक्रमाचा विरस करायचा का? एरवी कोकणातल्या मुलांना वर्णपट कोण दाखवतं? पण खोट्या गोष्टीची गरजच नाही, हे जास्त खटकतं. १८९८ ची खरी गोष्ट कमी भरीव नाही. त्याच ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल उतरला होता, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला आपली तुकडी घेऊन तिथेच होते. सायन्स कॉलेजातल्या एका भारतीय प्राध्यापकाने त्या काळी स्वतःची मोहीम उभी केली, आणि जेऊर स्टेशनवरून गाडी पकडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

उत्साहाला काम द्यावं, असं माझं मत. ग्रहणाच्या गॉगलपेक्षा भिंतीवर सूर्याची प्रतिमा पाडणारा चेंडू-आरसा बरा, कारण तो एका वेळी पन्नास जणांना पुरतो. प्लास्टिकच्या चेंडूत वाळू भरायची म्हणजे तो हलत नाही. चिकटपट्टीच्या रिकाम्या रिळावर तो बसवला की हव्या त्या दिशेला फिरतो. त्यावर छोटा सपाट आरसा चिकटवायचा, आणि आरशावर १ सेंटिमीटरचं भोक पाडलेला काळा कागद. आरसा उन्हात, भिंत अंधाऱ्या खोलीत, मधलं अंतर २० मीटर. प्रतिमा १८-१९ सेंटिमीटरची मिळते, कारण ती दर मीटरला साधारण ९ मिलिमीटरने मोठी होते. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, अंतर कमी पडलं की भिंतीवर सूर्याऐवजी भोकाचाच आकार उमटतो. भोकाच्या व्यासाच्या निदान दोन हजार पट अंतर हवं, म्हणून खोली दहा मीटरवर असेल तर भोक ५ मिलिमीटरचं करा. दोन, प्रतिमा सरकते. दोन मिनिटांत ती आपल्या रुंदीएवढी पुढे जाते, म्हणून चेंडूपाशी एक माणूस कायम हवा. आरसा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर मुलं वाकून त्यातच बघतात.

गॉगलच वापरायचा तर त्यावर आयएसओ १२३१२-२ (सूर्य पाहण्याच्या गॉगलांचं सुरक्षा मानक) असं छापलेलं पाहा, पण नुसत्या छापण्यावर जाऊ नका. घरातला दिवा त्यातून दिसायला नको, फार तर प्रखर एलईडीचा अंधुक ठिपका. फिल्मवर ओरखडा, टाचणीचं भोक किंवा दुमड असेल तर सरळ फेकून द्या. वेल्डिंगची १४ नंबरची काच चालते, कमी नंबरची नाही. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांपैकी काही नको: उजेड मंद झाला म्हणजे अवरक्त किरण अडले असं नाही. परातीतल्या हळदीच्या पाण्यात पाहण्याची रीत अजून आहे. पाण्यावरून निदान दोन टक्के उजेड परततो, सूर्य कलला की आणखी. गॉगलमधून लाखात तीन-चार भागांपेक्षा जास्त जाता कामा नये, म्हणजे परातीतला सूर्य त्याच्या शेकडो पट प्रखर. आणि गॉगल घालून दुर्बिणीला डोळा लावणं सगळ्यात वाईट. भिंगाने एकवटलेलं ऊन फिल्म जाळतं. सूर्याची गाळणी (फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायची असते. दृष्टिपटलाला (डोळ्याच्या आतल्या पडद्याला) वेदना कळत नाही, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाचताना अक्षरांच्या मधोमध डाग दिसतो. ग्रहणाच्या सूर्यातून खास विषारी किरण येत नाहीत. एरवी सूर्याकडे आपण टक लावत नाही, त्या दिवशी लावतो, एवढंच.

२०२७ ची ती अमावास्या आषाढाची, म्हणजे दीप अमावास्या. दिवे घासून पुजायचे, कणकेचे दिवे वाफवायचे, आणि दुसऱ्या बाजूला गटारीच्या मटणाचा बेत. त्यात सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, म्हणजे बारा तास. घरोघरी वाद होणार हे आताच दिसतं आहे. दर्भ किंवा तुळशीचं पान कोणी अन्नावर ठेवलं तर कोणाचं बिघडत नाही, मी त्यावर वाद घालणार नाही. गरोदर बाईला दिवसभर उपाशी, पाण्याविना बसवणं आणि मधुमेहाच्या माणसाने वेध पाळून गोळी घेऊन न जेवणं, इथे मात्र घालेन.

राहिला पाऊस. ११ ऑगस्ट १९९९ ला गुजरातेत ढग आडवे आले. २२ जुलै २००९ ला बिहारमधल्या तारेगनाला देशभरातून माणसं लोटली आणि सूर्य दिसलाच नाही, नुसता अंधार झाला. कोकणात २ ऑगस्टला आकाश निरभ्र मिळेल यावर पैज लावू नये. उघडीप कुठे आहे हे त्या दिवशी सकाळी उपग्रहाच्या चित्रात पाहून घाटापलीकडे जायची तयारी असेल तर जावं, पण खंडग्रासासाठी लांबचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. तो खर्च २० मार्च २०३४ साठी राखावा. त्या दिवशी खग्रासाची पट्टी कारगिलकडून जाते. आताचे गॉगल तेव्हाला चालतील असं समजू नका: सात वर्षांत फिल्म खणात घासून खराब होते, नवे घ्यावे लागतील.